जिथं चुंबक चिकटलं नाही

मोहर्ली, ५ जुलै २०२४

चि. राजदीप,

जय भीम. फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि मागे कारखान्यातल्या मशीनचा आवाज येतो. म्हणून कागदावर लिहिते. कागद तू मध्येच ठेवून देऊ शकतोस, पण त्याचं तोंड बंद करू शकत नाहीस.

जंगलाचं गेट एक तारखेला बंद झालं. आता ऑक्टोबरपर्यंत सफारी नाही. जिप्सी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. बाबा गेल्यावर दोन हंगाम ती तुझ्या अश्वजित काकांनी चालवली. पुढच्या हंगामापासून नंदिनी चालवणार आहे, तिला लायसन मिळालं. पण गाडी गंजली आहे. दाराखाली दोन बोटं जातील अशी भोकं आहेत आणि आत पायाखालचा पत्रा वाजतो. अशा गाडीला फिटनेस मिळत नाही. फिटनेस नाही तर गेटवरचा आपला नंबर दुसऱ्या घरात जाईल, मग तुझ्या बहिणीने काय करायचं ते तूच सांग.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी काल अश्वजित भाऊजी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, राजदीपचा फोन आल्ता. म्हणते, गाडी भंगारात देऊन टाका. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका."

फोन भाऊजींना केलास, मला नाही. दोन वर्षांत गाडीचं नाव काढलं नाहीस आणि आता एकदम भंगारात. मला यात संशय येतो आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही.

सहा वर्षांपूर्वी बाबांनी तुला जिप्सी घेऊन चंद्रपूरला पाठवलं होतं. मागच्या सीटपुढचा तळाचा पत्रा गंजला होता, तो कापून नवा लावून आणायचा होता. निघताना बाबांनी तुला तीनदा सांगितलं, "डेंटरच्या डोक्यावर उभा राह्य. हलला तर तो पुट्टी भरून देईन." तू संध्याकाळी गाडी आणलीस. वरून काळा रंग मारलेला, नवी मॅट घातलेली. हंगाम सुरू झाला आणि आठ-दहा दिवसांत एका पर्यटक बाईचा पाय त्याच जागी पत्र्यातून आरपार गेला. पिंढरी सोलून निघाली. चप्पल खाली रस्त्यावर पडली, आणि जंगलात उतरायचं नाही हा नियम, म्हणून ती तिथेच राहिली. मागच्या गाडीवाल्यांनी चपलेचे फोटो काढले. दिवाळी होईपर्यंत बाबांना गेटच्या आत सोडलं नाही.

त्या दिवशी गेटवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर बाबा तुला काय बोलले ते मी परत लिहीत नाही. पुट्टी भरून आणली आणि स्वतः पिक्चर पाहत बसला, एवढं तर गावाला पाठ आहे. तू एकच वाक्य बोललास, "मी हाललो नाई तिथून." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलास. त्यानंतर बाबांनी दोन दिवस अंगणात एकट्याने गाडी ठोकली, रंगवली, कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

तू खरं बोललास की बाबा, हे त्या पत्र्याखाली आहे. गाडी भंगारात गेली की तेही जाईल. म्हणून विचारते, तुला घाई कशाची आहे?

मी गाडी उघडायला देते आहे. आणि यावेळी डोक्यावर मी उभी राहणार आहे.

तुझी आई


मोहर्ली, २४ जुलै

चि. राजदीप,

पत्राचं उत्तर तू नंदिनीच्या मोबाइलवर पाठवलंस. तिने दाखवलं. "आईले सांग, जुनं उकरू नको." एवढंच. खोटं नसलेल्या माणसाला उकरण्याची भीती वाटत नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग.

गाडी चंद्रपूरला पडोलीच्या पुढे एका डेंटरकडे दिली. नाव लालसू, एटापल्लीकडचा. तुझा डेंटर तिथून कधीच उठून गेला, त्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. जाताना नंदिनीने गाडी चालवली आणि मी पाय सीटवर घेऊन बसले. लोक पाहत होते, पाहू दे.

मी एक दिवसाआड पहिल्या एसटीने जाते. डब्यात भाकर आणि पिशवीत एक पुस्तक. विहारातल्या वाचनालयाची दोन पुस्तकं यापायी परत करायची राहिली आहेत. लालसूने टायरवर फळी ठेवून मला बसायला दिलं. पण मी वाचत असले तरी पान उलटताना एक डोळा त्याच्या हाताकडे असतो. पिशवीत आणखी एक वस्तू असते, बाबांच्या जुन्या स्पीकरमधलं चुंबक. वर्तमानपत्रात वाचलं होतं की जुनी गाडी घेताना चुंबक लावून पाहावं. पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही.

तिसऱ्या खेपेला लालसू म्हणाला, "बाई, तुमी सारख्या काऊन येता? गाडी काई पळून नाई जात."

"गाडी नाई पळत. पत्रा पळते."

"अन् हातात ते काय हाये?"

"तू तुझं काम कर."

त्याने डाव्या दाराखालची पट्टी पुरी केली होती. गुळगुळीत, हात फिरवला तर सांधा लागेना. मी चुंबक लावलं आणि सरकवत नेलं. मधोमध आलं आणि टपकन मातीत पडलं.

"हे काय?"

लालसू हसला. लाजला नाही, हसला. "इतकुशी जागा होती बाई. तिथं पुट्टी चालते."

"किती दिवस चालते?"

"तुमी कोणाची सासू हाय का पोलीस?"

"दोनी समज."

त्याने ग्राइंडर लावला. इतकुशा जागेखाली माझी मूठ जाईल एवढं भोक निघालं. बापडा गुपचूप पत्रा कापायला बसला. आता प्रत्येक सांधा झाला की तोच ओरडतो, "या पोलीसबाई, लावा तुमचं चुंबक."

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. उजव्या बाजूची आतली पोकळ पट्टी त्याने कापली, तर तांबड्या खपल्यांबरोबर पांढरा चुरा पडला. लालसूने बोट लावून जिभेवर टेकवलं आणि थुंकला. "मीठ हाये. मच्छी नेत होते का या गाडीत? बर्फाचं पाणी अन् मीठ, पत्रा खाऊन टाकते."

मीही चाखून पाहिलं. खारटच होतं. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, मग मीठ आलं कुठून? दोन पावसाळे गाडी भाऊजींकडे होती. त्यांच्या मेहुण्यांचा चिमूरकडे तलाव आहे, मच्छीचा धंदा आहे. गाडी नुसती उभी असायची असं ते सांगतात. गाडी भंगारात द्या, असं तू म्हणतोस तेही त्यांच्याच तोंडून मला कळतं.

विचारणार आहे. त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारणार आहे.

तुझी आई


चंद्रपूर, १३ ऑगस्ट

राजदीप,

भाऊजींना विचारलं. चहा हातात असताना विचारलं, म्हणजे उठून जाता येऊ नये. ते म्हणाले,

"मी कायले मच्छी नेऊ वहिनी? मीठ दादा नेत होता. उन्हाळ्यात, गेटवरून रिकामा आला का. जंगलात हरणाले चाटाले मीठ टाकतात, ते पोचवाचं काम होतं त्याच्याकडे. पोत्यावर पोते. तुमाले ठाव नाई?"

पोती मला आठवतात. मी ती धुऊन दोरीवर वाळवली आहेत, त्यातल्या चार पोत्यांचं बसकर शिवलं, ते अजून ओट्यावर आहे. पण मेलेल्या माणसावर काहीही टाकता येतं, तो उठून बोलत नाही. मी भाऊजींना म्हटलं, "असन." ते चहा अर्धा ठेवून गेले.

खरी गोष्ट पुढे आहे.

आज लालसूने आतली मॅट उचलली. खाली डांबरासारखा जाड काळा रंग. त्याने अजून तिथे हत्यार लावलं नव्हतं, मी आधी लावू दिलं नाही. खाली बसले आणि चुंबक फिरवलं. पुढे चिकटलं. बाजूला चिकटलं. पुढच्या डाव्या सीटमागे, जिथं त्या बाईचा पाय गेला, तिथं आलं आणि घसरलं. पदराने जागा पुसली, परत लावलं. घसरलं. चुंबक फिरवत गेले तसा त्या जागेचा आकार कळला. मोठा, चांगला ताटाएवढा. ताटाएवढ्या जागेत लोखंड नाही.

नंदिनी सोबत होती. ती म्हणाली, "आई, बाबानं नंतर काम केलं होतं ना तिथं? त्यायचं असन."

मी म्हटलं, तुझा बाप उपाशी राहिला असता पण पर्यटकाच्या पायाखाली पुट्टी भरली नसती. ज्या चुकीसाठी त्याने पोराला घराबाहेर काढलं तीच चूक तो स्वतः करेल का?

तर मग ते तुझं आहे, राजदीप. सहा वर्षं मी लोकांना सांगत आले की माझा पोरगा खोटं बोलत नाही, बापाचा राग मोठा होता. बाबांशी मी त्या वर्षी कितीतरी दिवस बोलले नाही, तुझ्यासाठी. शेवटच्या आजारात ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, तेव्हाही मला वाटायचं, पोराला हाकललं म्हणून हा माणूस स्वतःला खातो आहे. आणि खाली हे.

तू भंगारात द्या का म्हणालास ते आता कळलं. जुनं उकरू नको, तेही कळलं.

आता काही लिहू नकोस. हे पत्र मी एसटी स्टँडवर बसून लिहिते आहे आणि इथल्याच पेटीत टाकते आहे. घरी नेलं तर टाकणार नाही.

आई


मोहर्ली, १७ ऑगस्ट

चि. राजदीप,

मागचं पत्र फाडून टाक. अजून मिळालं नसेल तर आल्यावर उघडू नकोस. उघडलंस तर हेही शेवटपर्यंत वाच.

काल परत गेले. जायचं नव्हतं, पण लालसूचा फोन आला, "पोलीसबाई, तुमी आल्याशिवाय मी त्या जागेले हात लावत नाई. मंग म्हणसान मीच केलं." मी टायरवर बसले. त्याने छिन्नी घेऊन काळा रंग खरवडायला सुरुवात केली. मला वाटलं पिवळी पुट्टी निघेल, तिचा भुगा होईल. तर छिन्नी करकरली आणि खाली चांदीसारखं चमकलं.

"पुट्टी नाई बाई," लालसू म्हणाला. "स्टील हाये. भांड्याचं. चांगल्या स्टीलले चुंबक नाई धरत."

मला पटलं नाही. पण घरी आल्यावर फळीवरच्या एकेका भांड्याला चुंबक लावून पाहिलं. काहींना चिकटतं, काहींना नाही. आयुष्यभर हीच भांडी घासली आणि हे माहीत नव्हतं.

तो खरवडत कडेपर्यंत गेला. काठ ठोकून ठोकून सपाट केलेला होता, पण गोल कळत होता. मग काठावर बारीक ठिपके दिसले. काळ्या रंगाने भरलेले. नंदिनीने नखाने उकरले. एक अक्षर निघालं, मग दुसरं. मी तिसऱ्याच्या आधीच वाचलं.

तुझं ताट आहे, राजदीप. तुझ्या बारशाला मामाने दिलेलं, नाव घालून. ज्यात तू चौदा एप्रिलला खीर सांडायचास.

आता नीट वाच. तू गेलास त्या आठवड्यात ते ताट फळीवर नव्हतं. मी घर शोधलं, मग माझ्या मनाने घेतलं की तू नेलंस. बापावर रागावला, पण आपलं ताट घेऊन गेला, म्हणजे हे घर त्याने टाकलेलं नाही. कोणी विचारलं तर मी हेच सांगायची. त्या एका ताटावर मी सहा वर्षं काढली. तुझ्या बाबांनाही सांगितलं होतं. जेवत होते. घास तोंडात होता. म्हणाले, "नेलं असन."

नेलं असन, म्हणाले. आणि ते त्यांच्या गाडीत, त्यांच्या हाताने ठोकलेलं होतं.

लालसूने ताटाचे रिव्हेट तोडून ते उचललं. खाली भोक होतं, कडा बिस्किटासारख्या. आणि भोकाला लागूनच एक चौकोनी पत्रा. मी चुंबक टेकवलं. असं चिकटलं की काढताना दोन्ही हात लावावे लागले.

लालसूने चौकोनाच्या चारही बाजूंनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाला, "बाई, एक सांगू का? इतकं वेल्डिंग कोणी आपल्या मनानं देत नाई. मी तर नाईच देत, तुमाले ठावच हाये. हे करणाऱ्याच्या डोक्यावर कोणीतरी उभं होतं. दिवसभर."

मी मान खाली घातली होती. नंदिनी बाहेर जाऊन उभी राहिली.

तुझा पत्रा आजही पक्का आहे. फुटला तो त्याच्या शेजारचा जुना पत्रा, त्याला आतून मिठाने खाल्लं होतं. मीठ भाऊजींनी नेलं नाही, बाबांनीच नेलं. भाऊजींकडे जाऊन मी तसं बोलले. ते म्हणाले, "चहा पूर्ण पाजा आता."

पण माझा संशय संपला नाही. त्याने फक्त दुसरं घर धरलं आहे. ताटाला सहा रिव्हेट होते. तीन जुन्या पत्र्यात, तीन तुझ्या पत्र्यात. म्हणजे बाबांनी तुझ्या पत्र्यात तीन भोकं पाडली. ज्याने हाताने ड्रिल धरलं त्याला ते लोखंड आहे की पुट्टी, हे पहिल्याच भोकाला कळलं असणार. तू गेलास त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं कळलं होतं. तरी ते चार वर्षं जगले आणि एक शब्द बोलले नाहीत. तुला नाही, मलाही नाही. गेटवर ज्या माणसांसमोर तुला बोलले त्यांच्यातल्या एकालाही नाही.

आणि घरात पत्रा काय कमी होता? गोठ्यावरचा होता, तेलाचे डबे होते. तुझंच ताट का? रागाने, पायाखाली घालायला? की तुझ्या कामाशेजारी तुझं नाव ठेवायला? मी त्यांच्या फोटोकडे पाहून विचारलं. त्यांच्याबरोबर तीस वर्षं राहिले, तरी मला सांगता येत नाही. तुला एक उत्तर लिहून पाठवावं असं वाटलं होतं, पण मला जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही.

नंदिनीने आज तुझा तो मेसेज मला पूर्ण दाखवला. त्या दिवशी तिने पहिली ओळच दाखवली होती. खाली तिच्यासाठी लिहिलेलं होतं, "तू त्या गाडीत पाय ठेवू नको. पत्रा कुठून गेला होता मले अजून समजलं नाई." भंगारात द्या का म्हणालास ते हे. मी तुझ्यावर चोराचा संशय घेतला आणि तू बहिणीच्या पायाची काळजी करत होतास.

तू सहा वर्षं स्वतःलाच विचारत होतास की आपलं काय चुकलं. काही चुकलं नाही. तू हालला नाहीस तिथून. हे मी आता कोणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही, मी हात लावून पाहिलं आहे.

तुझी आई


मोहर्ली, ३ ऑक्टोबर

चि. राजदीप,

तुझा फोन आला. तू काही बोलला नाहीस, पण या वेळी मागे मशीनचा आवाज नव्हता, म्हणजे बाहेर येऊन उभा होतास. मीही फोन ठेवला नाही. चालतं.

गाडी पास झाली. तळाचा जुना पत्रा सगळा काढला, नवा लावला. तुझा चौकोन लालसू कापत होता, मी कापू दिला नाही. नवा पत्रा त्याला जोडून घेतला आहे. बाबांनी पाडलेली तीन भोकं वेल्डिंगने बुजवली. रंग मारल्यावर कोणाला कळणार नाही, पण मला जागा माहीत आहे.

परवा गेट उघडलं. नंदिनीची गाडी रांगेत होती. मी पहाटे गेटवर गेले. बाबांच्या वेळचे ड्रायव्हर तिथे होते, चहा पीत. मी त्यांना जवळ बोलावलं, मॅट उचलली आणि म्हटलं, हे पाहा, माझ्या पोराने सहा वर्षांपूर्वी करून आणलेलं काम. चुंबक लावून दाखवलं. एकाने विचारलं, "मंग फुटलं काऊन?" मी म्हटलं, फुटलं ते शेजारचं, मिठानं. आणि मीठ कोणी नेलं, तेही सांगितलं. तिथंच सांगितलं, जिथं तुझा बाप तुला बोलला होता. त्यांच्यावर डाग लागला तर लागो. त्यांनी हे स्वतः करायला हवं होतं.

सोळा तारखेला दरवर्षीसारखं दीक्षाभूमीवर चंद्रपूरला जायचं आहे. नंदिनीच गाडी काढणार आहे. मागच्या सीटवर डावी जागा मी कोणाला दिलेली नाही.

ताट मी घरी आणलं. लालसू म्हणाला भोकं बुजवून देतो, मी नको म्हटलं. लाकडी ठोकणीने काठ जमेल तेवढा वर घेतला, रॉकेलने काळा रंग काढला. फळीवर त्याच्या जागी उभं केलं आहे. वाकडं आहे आणि सहा भोकं आहेत. भात राहील त्यात. वरण वाटीत देईन.

तुझी आई
रुखमा